एक जूनची माणसं

कॉम्प्युटर बिघडला असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतोच. त्याला कुणीतरी काहीतरी सांगून ठेवलेलं असतं आणि सांगणारा ते विसरलेला असतो. हे मी परभणीतल्या एका कचेरीत शिकले, नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. आणि ज्या दिवशी शिकले त्या दिवशी विसरणारी बाई मीच निघाले.

कचेरीत तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. आपल्याला पंखा आणि यंत्राला एसी, यावरून साहेब दर उन्हाळ्यात एकदा तरी कुरकुरायचे. त्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. एक मी, पेडगावच्या शेतकऱ्याची मुलगी, बी.एस्सी. होऊन औरंगाबादला सहा महिन्यांचा कोर्स केलेली आणि त्या सहा महिन्यांचा भलताच तोरा असलेली. दुसरे आमचे जुने टंकलेखक. त्यांनी टाइपरायटरवर उभी नोकरी काढली होती आणि आता निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना त्यांना यंत्रासमोर बसवलं होतं. मी त्यांना काका म्हणायचे. काका बटणांना हात लावण्याआधी रुमालाने बोटं पुसायचे. मला त्यांचं हसू यायचं आणि मी ते लपवतही नसे.

याद्या करायला आमच्याकडे एक पॅकेज होतं. नावं, गावं, तारखा भरायच्या आणि हवी तशी यादी छापून घ्यायची. हे पॅकेज जन्माने अमेरिकन. तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणून तेही तसंच समजायचं. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनियरने त्याचा बंदोबस्त करून ठेवला होता. यंत्र चालू होताना जी फाईल वाचतं, तीत देशाचा नंबर घालायची सोय होती. त्या नंबरांच्या यादीत भारतच नव्हता, म्हणून त्याने इंग्लंडचा घातला. आमचा मुलूख निजामाचा, इंग्रजांचा थेट अंमल आमच्यावर कधी नव्हता. तो असा उशिरा आला, असं मी काकांना म्हणायचे. पण पॅकेज यंत्राचंही ऐकत नसे. त्याची स्वतःची वेगळी फाईल होती. मग त्या फाईलीतही इंजिनियरने एक ओळ लिहिली, की तारीख घेताना आधी दिवस घ्यावा, मग महिना. ही ओळ काढू नका, असं मला दोनदा बजावून तो नांदेडच्या गाडीने निघून गेला.

ती ओळ मी काढली नाही. मी फक्त आणखी एक फाईल केली. यंत्रात प्रत्येकाचा एक खण असतो असं समजा. काकांचा एक, माझा एक. पॅकेज ज्या खणातून सुरू करावं, तिथे तुमच्या आवडीनिवडीची फाईल ठेवता येते आणि पॅकेज ती वाचतं. मला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं आवडत नव्हती. काही चुकलं की वाजणारा तो टुण्ण आवाज तर मुळीच आवडत नव्हता, कारण तो काकांना ऐकू जायचा. म्हणून मी माझ्या खणात दोन ओळींची फाईल ठेवली. पडदा निळा, अक्षरं पिवळी, घंटी बंद. मला वाटलं, हे भाजीसारखंच आहे. आईने मीठ-मसाला घातलेला असतो, आपण वरून कोथिंबीर पेरायची. मीठ जागेवर राहतं.

काकांनी आपल्या खणात काहीच ठेवलं नाही. त्यांना ते येत नव्हतं.

मग भरती निघाली. शिपाई आणि चौकीदारांच्या मोजक्या जागा, आणि अर्ज मात्र पोत्यांनी आले. वयाची अट होती. येत्या एप्रिलच्या एक तारखेला ठरावीक वय ओलांडलेलं नसावं. यंत्र जन्मतारखेवरून वय काढणार आणि बसणाऱ्यांची एक, न बसणाऱ्यांची एक अशा दोन याद्या देणार. अर्जांचे गठ्ठे आम्ही वाटून घेतले. परभणी शहर काकांनी घेतलं, गंगाखेडकडची गावं मी.

माझा गठ्ठा झपाझपा सरकला, त्याचं कारण आमच्या भागातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आमच्याकडे खेड्यात माणूस जन्मतो एकदा आणि त्याची तारीख ठरते पुढे पाच-सहा वर्षांनी, शाळेच्या व्हरांड्यात. आई सांगते, ज्वारी काढायला आली होती तवा झाला. ज्वारी दर वर्षीच काढायला येते. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावतात. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. गुरुजी बसतील तेवढी वर्षं मागे मोजून साल लिहितात आणि तारीख टाकतात एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा पडतो. माझी तारीख एक जून. माझ्या दोन्ही भावांचीही एक जून. माझ्या वर्गात नगरपालिकेच्या दवाखान्यात जन्मलेली एकच मुलगी होती, तिची तारीख वेगळी होती म्हणून आम्ही तिला चिडवायचो.

तर त्या गठ्ठ्यात एक जूनमागून एक जून. शून्य एक, शून्य सहा, पुढे साल. बोटं आपोआप चालायची. मधेच एखादा पंधरा जुलैवाला निघाला की यंत्र ती तारीख घ्यायचं नाही. घंटी मी बंद केलेली, त्यामुळे आवाज नाही. पडद्यावर वर बारीक अक्षरांत तारीख चुकीची आहे असं यायचं आणि पुढे सरकायचं नाही. पहिल्यांदा मी चिडले. मग आकडे उलटे करून पाहिले, आधी सात, मग पंधरा. घेतलं. घेतलं ना, मग झालं, असं म्हणून मी पुढचा अर्ज ओढला. असे सात-आठ तरी अर्ज आले असतील. सात-आठ वेळा यंत्राने मला तोंडावर सांगितलं आणि सात-आठ वेळा मी त्याची समजूत काढली.

छपाईचं काम काकांकडे होतं, ते त्यांच्या खणातून व्हायचं. याद्या छापल्या, साहेबांची सही झाली, बाहेरच्या फळ्यावर लागल्या. सगळं वेळेत झालं म्हणून साहेबांनी मला चहा पाजला. काकांनाही पाजला, पण कौतुक माझं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. चपला काढून, हात बांधून. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. राणीसावरगावचा होता. दिवाळीनंतर बायकोसह ऊस तोडायला लांबच्या कारखान्यावर गेलेला, आणि गावाकडच्या कुणीतरी यादी वाचून निरोप धाडला म्हणून एका दिवसाची रजा मागून आलेला. तोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हा इकडे, तर तिकडे बायकोला दुसऱ्याच्या फडात मोळ्या बांधायला लावलेलं.

"बाई, माझं नाव न्हाई यादीत," तो म्हणाला.

"वय बसत नसेल," मी मान वर न करता म्हटलं.

"बसतंय की. दोन म्हैन्यानं बसतंय. गुरुजीकून मोजून घेतलंय म्या."

"वय यंत्र मोजतं. ते चुकत नाही."

"मंग गुरुजी चुकतेत का?"

मला राग आला. मी त्याचा अर्ज नंबर विचारला, त्याला पडद्याजवळ बोलावलं आणि दाखवलं. तुमची तारीख शून्य एक, शून्य सहा. अर्जातही तीच. यंत्राने तुमचंच मोजलंय.

तो वाकून बघत म्हणाला, "हीच की वो. एक जून. मंग नाव का न्हाई?"

मी तोंडी हिशेब केला. एप्रिलच्या एक तारखेला त्याला अट ओलांडायला दोन महिने बाकी होते. तो बसत होता. चांगला बसत होता. पुढच्या वर्षी बसला नसता, हे त्यालाही ठाऊक होतं. हीच शेवटची भरती, असं तो सारखं म्हणत होता. पुन्हा ऊस नको, बाई, पोरी शाळंत जायलेत.

काकांनी न बसणाऱ्यांच्या यादीची प्रत काढली आणि त्याच्या नावावर बोट ठेवलं. तिथे जन्मतारीख होती शून्य सहा, शून्य एक.

"सहा जानेवारी," काका म्हणाले.

तो माणूस हसलाच. "जानेवारीत? कागदावर कुनी जानेवारीत जल्मतंय का?"

मी यादी हातात घेतली. त्याच्या वरच्याची सहा जानेवारी. खालच्याची सहा जानेवारी. पान उलटलं, सहा जानेवारी. बसणाऱ्यांची यादी घेतली, तीतही गंगाखेडकडची सगळी जनता सहा जानेवारीला जन्मलेली. ही यादी काकांनी पाहिली होती, मी पाहिली होती, साहेबांनी पानापानावर सही केली होती, आणि फळ्यापुढे तीन दिवस गर्दी होती. कुणालाही काही खटकलं नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखात सगळ्यांची जन्मतारीख एकच दिसली असती तर पहिल्याच वाचणाऱ्याने आरडाओरडा केला असता. आमच्याकडे सगळ्यांची एकच असणं हीच यादी बरोबर असल्याची खूण. नजर तारखेवर थांबलीच नाही.

एकच नोंद, एकच यंत्र. माझ्या पडद्यावर एक जून आणि काकांच्या कागदावर सहा जानेवारी. मी पहिल्या झटक्यात काकांवर घसरले. "तुमच्या खणात काहीतरी गडबड आहे."

काका शांतपणे म्हणाले, "माझ्या खणात काही नाहीच. इंजिनियर ठेवून गेला तसंच आहे. मला कुठे काही घालता येतं?"

मी माझ्या निळ्या पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या खणात काही नव्हतं. माझ्या खणात होतं. मी माझी दोन ओळींची फाईल बाजूला काढली आणि पॅकेज नव्याने सुरू केलं. पडदा काळा झाला. त्याच माणसाची नोंद काढली. शून्य सहा, शून्य एक. मुद्दाम एक चुकीचं बटण दाबलं, तर टुण्ण वाजलं.

मग कपाटातून पॅकेजचं पुस्तक काढलं. त्या कपाटाची किल्ली वर्षभर माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पॅकेजला तुमच्या खणात फाईल सापडली तर ते दुसरी कुठलीही फाईल वाचत नाही. म्हणजे कोथिंबीर दिसली की ते आईची कढई उकिरड्यावर ओतून देत होतं आणि ताटात नुसती कोथिंबीर वाढत होतं. इंजिनियरची ओळ होती तिथेच होती, पण माझ्या खणात तिला कुणी विचारत नव्हतं. माझ्याकडे बसलं की पॅकेज अमेरिकन, काकांकडे बसलं की इंग्रज. मी एक जून लिहिलं, त्याने सहा जानेवारी समजून आत ठेवलं, आणि मला दाखवताना माझ्याच पद्धतीने दाखवलं, म्हणून मला ते बरोबर दिसत राहिलं. आणि माझ्या माणसांची वयं पाच-पाच महिन्यांनी वाढली.

"घावलं का?" दारातून आवाज आला.

"घावलं."

"कुनाचं चुकलं?"

"माझं."

तो म्हणाला, "मंग तुमीच नीट करा, बाई. पर बिगी बिगी करा. मला चारची गाडी हाय." विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या आठवड्यात पुन्हा बंदची बोलणी चालू होती आणि चारनंतर एस.टी. सुटेल की नाही याचा कुणाला भरवसा नव्हता.

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "लिहा, संगणकातील दोषामुळे. त्याला कोण विचारणार आहे?" मी म्हटलं, साहेब, संगणकात दोष नाही, तसं लिहिलं तर पुढच्या यादीवर कोण विश्वास ठेवील? शेवटी नोंद घेताना झालेल्या चुकीमुळे, असं शुद्धिपत्रक निघालं. माझं नाव त्यात साहेबांनी घालू दिलं नाही. नसत्या भानगडी नकोत, म्हणाले.

सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली. पण सेटिंग बदललं म्हणून आत जाऊन बसलेल्या तारखा सुधारत नाहीत. सरसकट उलटवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहावा असं मनात आलं होतं. पण मी मधेमधे हाताने आकडे उलटे केले होते, आणि त्या भरात कुठे कुठे केले ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. म्हणून अख्खा गठ्ठा पुन्हा घेतला. काका अर्जावरून वाचायचे, मी पडद्यावर पाहायचे. काका वाचतानाही आधी रुमालाने बोटं पुसत होते आणि त्या दिवशी मला हसू आलं नाही. जेवणाची सुट्टी आम्ही घेतली नाही. तो माणूस बाहेरच्या बाकावर बसून होता, मधेच उठून दारातून बघून जायचा.

तीनच्या सुमारास नवी यादी निघाली. काठावरून बाहेर ढकलली गेलेली पाच माणसं आत आली. पाचही गंगाखेडकडची. मुलाखतीची पत्रं तयार केली. नियमाप्रमाणे ती टपालाने गावच्या पत्त्यावर जायला हवी होती. पण गावात होतं कोण? निम्मी गावं कारखान्यांवर गेलेली. मी नियम बाजूला ठेवून प्रती काढल्या आणि त्याच्यापुढे पाचही नावं धरली.

"ह्ये दोघं आमच्याच टोळीतले हायेत," तो म्हणाला. "ह्यो शेजारच्या कारखान्यावर. देतो म्या नेऊन." पाचव्या नावावर तो अडला. "ह्यो कर्नाटकाकडं गेलाय. कोन्त्या कारखान्यावर, ते न्हाई ठावं."

चार पत्रं त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि गाडी गाठली. पाचवं मी टपालात टाकलं. गावच्या सरपंचाला निरोप धाडला, तोडीच्या टोळ्या नेणाऱ्या गंगाखेडच्या एका मुकादमाला फोन लावला. पण एवढ्या मोठ्या कर्नाटकात एक कोयता शोधायचा कुठे? पत्र बारा-तेरा दिवसांनी परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं, बाहेरगावी.

मुलाखतीला चौघं आले. चौघांतले दोघं लागले, त्यात तो राणीसावरगावचा होता. चौकीदार म्हणून तो आमच्याच कचेरीच्या फाटकावर बसायला लागला आणि रोज सकाळी मला हात जोडायचा. मला बरं वाटायचं. मीही ताठ मानेने आत जायचे, कारण चूक माझी होती तशी ती मी शोधून सुधारलीही होती. मी प्रत्येक खणातली फाईल स्वतः तपासायची पद्धत घालून दिली, प्रत्येक फाईलीत तारखेची ओळ पुन्हा लिहायला लावली आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी घंटी वाजवून दाखवायची असा नियम केला. कचेरीत त्यानंतर तारखेचा घोळ झाला नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते.

पुढच्या वर्षी पुन्हा भरती निघाली. गंगाखेडचा गठ्ठा मीच मागून घेतला आणि त्यात ते पाचवं नाव निघालं. नाव पाहिलं आणि बोटं थांबली. शून्य एक, शून्य सहा, पुढे तेच साल. मी नोंद केली. सेटिंग तपासलं, तारीख तपासली, वय तीनदा काढून पाहिलं. त्याचं वय उलटलं होतं, दहा महिन्यांनी. या वेळी यंत्राचं बरोबर होतं.

यादी लागली त्या आठवड्यात तो स्वतः आला. उंच, खांदे पुढे झुकलेला, डोक्याला उपरणं. फाटकावरच्या आमच्या चौकीदारानेच त्याला माझ्याकडे आणून सोडलं.

"यंदा न्हाई बसत म्हनले," तो म्हणाला. "मागल्या साली तरी बसत हुतं का वो, बाई?"

काका तेव्हा खोलीत नव्हते. साहेब दौऱ्यावर होते. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"बसत होतं," मी म्हटलं.

"मंग नाव कसं न्हाई आलं?"

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. फाईलींचं त्याला कळलं नसेल, पण तारीख माझ्या हातून उलटी गेली आणि नंतर ना पत्र त्याला पोचलं ना सरपंचाकडचा निरोप, हे कळलं. मला वाटलं आता शिव्या देईल. मी त्यालाही तयार होते.

"घरची वरीसभर म्हनायलीय," तो म्हणाला, "की तुमीच अर्ज उशिरा टाकला. कर्नाटकाला जायची घाई तुमालाच हुती, म्हन्ती. मलाबी तसंच वाटायलं हुतं." त्याने उपरणं काढून मांडीवर ठेवलं. "ह्ये लिहून देता का? घरी दाखवायला."

मी कचेरीचा कागद घेतला नाही, माझ्या वहीचा घेतला. अर्ज वेळेत आला होता. वय बसत होतं. नोंद करताना माझ्याकडून चूक झाली, त्यांची काही चूक नाही. एवढं लिहिलं. हा कागद कुणी साहेबांच्याही वरच्यांपुढे नेला असता तर माझी नोकरी धोक्यात आली असती, हे लिहिताना मला कळत होतं. तो बघत होता. मी खाली सही केली, पूर्ण नावाची, कुणालाही वाचता येईल अशी.